लेकीचं बाळंतपण मार्चात, व्हिसा मात्र एकाचाच

हे पत्र आणि उत्तर जानेवारी २०२२चं, कोरोनाच्या तिसऱ्या लाटेतलं आहे. यातले लस, चाचणी आणि उड्डाणांचे नियम, व्हिसाची फी आणि मुलाखतीतून सूट मिळण्याची मुदत तेव्हाची आहे, आज ती तशी लागू नाही.

पत्राचा गोषवारा: ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या ६१ वर्षांच्या एक वाचक लिहितात, "लेक न्यू जर्सीत असते. पहिलंच बाळंतपण आहे, डॉक्टरांनी १८ मार्च तारीख दिलीय. माझा अमेरिकेचा व्हिसा २०२६ पर्यंत आहे, पण तो जुन्या पासपोर्टवर. नवा पासपोर्ट २०२० मध्ये काढला. यांचं वय ६६. यांचा व्हिसा नोव्हेंबर २०१९ मध्ये संपला आणि पासपोर्ट येत्या जुलैत संपतोय. मी कोव्हॅक्सिन घेतली, यांनी कोविशील्ड. शेजारच्या म्हणतात, कोव्हॅक्सिनवाल्यांना अमेरिका विमानतळावरूनच परत पाठवते. एक एजंट पंचवीस हजारांत यांना 'इमर्जन्सी'ची तारीख काढून देतो म्हणतो. हे म्हणतात, जायचं तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही. लेक फोनवर काही मागत नाही, पण आवाजावरून कळतं. पैसे भरून टाकू का?"

ताई, पैसे भरू नका. तुमच्या पत्रातल्या बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, पण एजंट उद्याच दारात येईल, म्हणून हे आधी.

तातडीची अपॉइंटमेंट कोणाला मिळते हे अमेरिकी वकिलातीच्या व्हिसा संकेतस्थळावर लिहिलेलं आहे. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, तातडीचे उपचार, अभ्यासक्रम सुरू होण्याच्या बेतात असलेले विद्यार्थी अशी ती कारणं आहेत. कोणती कारणं चालत नाहीत तेही तिथे सांगितलंय: लग्न, पदवीदान आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं. तुमचं कारण नेमकं या दुसऱ्या यादीत बसतं. मग एजंट अर्जात काय लिहिणार? 'मेडिकल इमर्जन्सी' असं काहीतरी. अर्ज यांच्या नावाने जाणार आणि त्यातल्या मजकुराची जबाबदारीही यांचीच. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न झाला असं अधिकाऱ्याने एकदा नोंदवलं, तर अमेरिकी कायद्यात त्याची शिक्षा कायमची अपात्रता आहे. ६६व्या वर्षी नातवंडाच्या देशाचं दार स्वतःच्या हाताने बंद करून घेण्यासारखं ते होईल.

शिवाय एजंटकडे अशी कोणतीही खिडकी नसते जी तुमच्याकडे नाही. तो त्याच संकेतस्थळावर तुमच्या नावाने खातं उघडतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो आणि दिवसभर तारखा बघत बसतो. फार वेळा बघितलं की खातं काही काळासाठी गोठतं. ते गोठलंय हे तुम्हाला कळतही नाही, कारण ईमेल त्याचा असतो. फॉर्म भरायला माणूस हवाच असेल तर भाच्याला किंवा पुतण्याला बसवा. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये 'हा अर्ज भरायला कोणी मदत केली का' असा प्रश्न असतो. तिथे त्याचं नाव खरं लिहायचं, त्यात काही वावगं नाही.

आता मूळ गुंत्याकडे येऊ. व्हिसा, लस, चाचणी, पासपोर्ट हे सगळं तुम्ही एकाच गाठोड्यात बांधलंय, त्यामुळे यांचा एक कागद अडला की तुमचाही प्रवास अडला असं वाटतंय. प्रत्यक्षात दारं तीन आहेत आणि प्रत्येक दाराशी वेगळा माणूस उभा आहे. व्हिसा वकिलात देते. विमानात बसू द्यायचं की नाही हे मुंबईच्या विमानतळावर एअरलाइनचा कर्मचारी ठरवतो, आणि २०२२च्या सुरुवातीला लस व चाचणीचे कागदही तोच तपासत होता. अमेरिकेत किती दिवस राहायचं हे न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर उतरल्यावर तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. तुमच्यासाठी पहिलं दार उघडंच आहे. यांचं त्याच दाराशी अडलंय.

तुमचा जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा पूर्ण चालतो. दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे, व्हिसाचं पान फाटलेलं किंवा खराब झालेलं नसावं, एवढंच. जुना पासपोर्ट कोपरा कापून रद्द केलेला असतो म्हणून अनेकजण तो घरीच ठेवतात आणि काउंटरवरून परत फिरतात. दोन्ही एकत्र रबरबँडने बांधून हँडबॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

कोव्हॅक्सिनबद्दलची शेजारच्यांची धास्ती ऑक्टोबर २०२१ पर्यंत समजण्यासारखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने ३ नोव्हेंबर २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतलं. अमेरिकेने ८ नोव्हेंबरपासून भारतावरची प्रवासबंदी उठवून 'दोन डोस घेतलेल्यांना प्रवेश' हा नियम आणला, तेव्हा या यादीतल्या सगळ्या लसी मान्य केल्या. दुसऱ्या डोसला १४ दिवस झालेले असावेत, अशी तेव्हाची अट होती. तुमचे तर महिने झाले. बूस्टर ही प्रवेशाची अट नाही, म्हणून प्रिकॉशन डोसची, म्हणजे आपल्याकडच्या बूस्टरची, नऊ महिन्यांची मुदत भरायची वाट बघत थांबू नका.

पण लस चालली तरी प्रमाणपत्र अडवू शकतं, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण इथेच येण्याची शक्यता आहे. आपल्याकडे पासपोर्टवर बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिन्ही असतं. कोविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर, नाव आलंय आधारकार्डावरून, तिथे बहुतेकदा नुसतं नाव आणि आडनाव. जुन्या आधारवर जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष असतं. तेव्हा काउंटरवरचा कर्मचारी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी धरून अक्षर न् अक्षर ताडायचा. म्हणून लस घेताना दिलेल्या मोबाइल नंबरने कोविनवर लॉगिन करा. 'रेज ॲन इश्यू' मध्ये आधी नावाची दुरुस्ती करा, आणि ती झाल्यावरच पासपोर्ट जोडा. पासपोर्ट नवा जोडायचा, व्हिसा असलेला जुना नव्हे. दुरुस्तीची संधी एकदाच मिळते, तेव्हा पासपोर्ट समोर उघडा ठेवून स्पेलिंग टाका. परदेश प्रवासासाठीच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख येते, ते डाउनलोड करा. रंगीत प्रिंटवर क्यूआर कोड स्पष्ट उमटलाय ना, हे दुसऱ्या फोनवर स्कॅन करून बघा. सोसायटीतल्या शिबिरात लस घेतली असेल तर कधीकधी नोंदणी सेक्रेटरींच्या नंबरवर झालेली असते. मग ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. प्रवासाच्या आदल्या दिवशी ते गावाला गेलेले असले तर काय कराल? हे काम याच आठवड्यात उरकून घ्या.

आता चाचणी. भारतातून निघताना अमेरिकेचा नियम जानेवारी २०२२ मध्ये एक दिवसाचा होता: निगेटिव्ह रिपोर्टसाठीचा नमुना विमान सुटण्याच्या आदल्या दिवसापेक्षा जुना नको. हा हिशेब तासांचा नव्हता, तारखेचा होता, आणि मुंबईहून अमेरिकेला जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा विमान शनिवारी पहाटे दीडचं आहे. तुमच्या डोक्यात ते 'शुक्रवार रात्रीचं' असतं आणि तुम्ही निवांत गुरुवारी संध्याकाळी नमुना देता. पण तिकिटावरची तारीख शनिवार, त्याच्या आदला दिवस शुक्रवार. गुरुवार संध्याकाळचा रिपोर्ट बाद. नमुना शुक्रवारी सकाळीच द्यायचा, आणि रात्री दहाच्या सुमारास विमानतळावर पोचायचं असल्यामुळे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हातात हवा. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेत लॅबवर ताण होता, आरटी-पीसीआरचा रिपोर्ट चोवीस तास लांबू शकत होता. अमेरिका अँटिजेन चाचणीही मान्य करत होती, तेव्हा लॅबमध्ये केलेली अँटिजेन हा तुमच्यासाठी जास्त सुरक्षित मार्ग. मेडिकलमधून आणलेलं किट घरी वापरून काढलेला फोटो चालत नव्हता. रिपोर्टवर पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर, चाचणीचा प्रकार, नमुना घेतल्याची तारीख आणि लॅबचं नाव हे सगळं आहे का ते लॅबच्या दारातच वाचा. पोर्टलवर दिसणारा रिपोर्ट रात्री आठ वाजता कोणी दुरुस्त करून देत नाही. एअरलाइन एक हमीपत्रही भरून घेत होती, ते आधीच डाउनलोड करून सही करून ठेवा.

आणि पॉझिटिव्ह निघालात तर? जानेवारीच्या ठाण्यात हा प्रश्न काल्पनिक नाही, म्हणून तारीख ठरवतानाच तो धरायला हवा. लागण झाल्यावर आरटी-पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते, कारण विषाणूचे मेलेले तुकडेही ती पकडते. त्यामुळे बरं वाटल्यावर पुन्हा पुन्हा पीसीआर करत बसू नका. अमेरिकेने यासाठी दुसरी वाट ठेवली होती. विमानाच्या आधी ९० दिवसांच्या आत घेतलेल्या नमुन्याचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि त्यासोबत डॉक्टरांचं पत्र, की ही व्यक्ती बरी झाली असून प्रवासाला योग्य आहे. पत्र लेटरहेडवर, डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन, सही आणि तारखेसह, तुमच्या नाव व जन्मतारखेसह. लक्षणं सुरू झाल्यापासून किंवा रिपोर्ट आल्यापासून दहा दिवस पूर्ण होईपर्यंत मात्र प्रवास करू नये, असं अमेरिकी आरोग्य यंत्रणा तेव्हा सांगत होती. आपल्याकडचं गृहविलगीकरण सात दिवसांत संपलं तरी विमानाचा हिशेब दहाचाच धरा.

म्हणून मी तुम्हाला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं तिकीट सुचवेन. २४ तारखेच्या आसपास निघालात तर सगळं सुरळीत झाल्यास बाळंतपणाआधी तीन आठवडे मिळतात. पॉझिटिव्ह निघून दहा-बारा दिवस गेले तरी वेळेत पोचता. उतरल्यावर तीन ते पाच दिवसांनी चाचणी करा आणि तोपर्यंत लेकीपासून वेगळ्या खोलीत राहा, मास्क लावा. दिवस भरत आलेल्या बाईला कोविड होणं ही साधी गोष्ट नाही. मार्चच्या मध्यावर थेट दवाखान्यात पोचायचा बेत ऐकायला गोड वाटतो, पण साथीत तिथली रुग्णालयं बाळंतिणीसोबत बहुधा एकदोघांनाच थांबू देत होती. तो एक तुमचा जावई असेल. तुमची गरज ती घरी आल्यावर लागणार आहे, आणि साधं बाळंतपण असेल तर तिकडे दोन दिवसांत घरी सोडतात.

विमान थेट घ्या, भले थोडं महाग असो. जानेवारी २०२२ मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंदच होती, १९ जानेवारीला ती बंदी २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवली होती. तेव्हाची विमानं वेगवेगळ्या देशांशी केलेल्या एअर बबल करारांवर, म्हणजे दोन देशांनी आपापसात ठरवलेल्या मोजक्या उड्डाणांवर, चालत होती. मधे कुठे उतरलात की त्या देशाचेही नियम लागू होतात, आणि साथीत ते आठवड्यात बदलत होते. एअर इंडियाचं तेव्हा मुंबई-नेवार्क थेट विमान होतं. सोळा तास बसावं लागतं, पण कागद एकदाच दाखवावे लागतात. तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, आणि एकट्या जाताय तर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. चालता येत असलं तरी घ्या, कारण व्हीलचेअर ढकलणारा माणूसच तुम्हाला इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर सामानापर्यंत पोचवतो.

इमिग्रेशनवर विचारलं, "कशाला आलात?" तर खरं सांगा: लेकीचं बाळंतपण आहे, नातवंडाला बघायला आले. परतीची तारीख सांगता यावी. अधिकारी बहुधा सहा महिने राहण्याची मुदत देतो. ती मुदत व्हिसावर नसते, आय-९४ या नोंदीवर असते. दोनतीन दिवसांनी जावयाला ती ऑनलाइन काढून प्रिंट करायला सांगा. व्हिसा २०२६ पर्यंत आहे म्हणून कोणी त्या मुदतीपेक्षा जास्त राहिलं, तर पुढच्या सगळ्या व्हिसांवर पाणी पडतं.

आता यांचं. "जायचं तर दोघांनी" यामागे काय आहे हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. तुम्ही एकट्या सोळा तास कशा जाल याची काळजी आहे, की आपण मागे राहिलो याची खंत, की घरी एकट्याने काही महिने कसे काढायचे हा प्रश्न? पहिल्याचं उत्तर थेट विमान आणि व्हीलचेअर. तिसऱ्याचं उत्तर डबा आणि शेजार. दुसऱ्यासाठी मात्र मला वाटतं की त्यांचा क्रम नंतरचा ठेवणं हीच लेकीसाठी जास्त मोठी मदत आहे. दोघं एकदम गेलात तर ऑगस्टात दोघं एकदम परत याल, आणि नेमकं तिची रजा संपून कामावर रुजू व्हायच्या दिवसांत घर रिकामं होईल. तुम्ही फेब्रुवारीत गेलात, हे मे-जूनमध्ये आले, तुम्ही ऑगस्टात परतलात, तर बाळ आठ-नऊ महिन्यांचं होईपर्यंत आजी किंवा आजोबा घरात असतील.

त्यांची कामं या क्रमाने करा, उलटा क्रम झाला की फेऱ्या वाढतात. आधी पासपोर्ट. जुलैत संपणाऱ्या पासपोर्टवर व्हिसा मागण्यात अर्थ नाही, आणि संपण्याआधी वर्षभर नूतनीकरण करता येतं. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घ्या. ३६ पानी पासपोर्टचे १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. तुमच्या बेतात साधा अर्जही पुरेसा आहे. नवा नंबर हातात आल्यावरच डीएस-१६० भरा, म्हणजे पुढे दुरुस्ती नको. फॉर्म वीस मिनिटं तसाच पडून राहिला तर बंद होतो, म्हणून वरचा अर्ज क्रमांक आधी लिहून ठेवा आणि प्रत्येक पानाला सेव्ह करा. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला, चष्म्याशिवाय. स्टुडिओत 'यूएस व्हिसा' असं सांगा, नाहीतर पासपोर्ट साइज हातात ठेवतात.

यांच्या बाबतीत चांगली बातमी अशी की मुलाखतीची गरज बहुधा पडणार नाही. त्याच प्रकारचा आधीचा व्हिसा संपून ४८ महिने झाले नसतील तर २०२२ मध्ये मुलाखतीतून सूट मागता येत होती, त्यालाच लोक ड्रॉपबॉक्स म्हणतात. नोव्हेंबर २०१९ पासून मोजलं तर यांची मुदत नोव्हेंबर २०२३ पर्यंत होती. मधल्या काळात व्हिसा नाकारला गेला नसावा. फी (२०२२ मध्ये ती १६० डॉलर होती) भरून संकेतस्थळावरच्या प्रश्नांची उत्तरं दिली की सूट लागू होते का ते तिथेच कळतं. मग मिळालेल्या तारखेला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या व्हिसा अर्ज केंद्रात दोन्ही पासपोर्ट, फोटो, डीएस-१६०चं पुष्टिपान आणि मुलाखतीतून सूट मिळाल्याचं पत्र जमा करायचं. कागद बघून वकिलात मुलाखतीला बोलावू शकते, तेव्हा पासपोर्ट परत येईपर्यंत यांचं तिकीट काढू नका. तारखा कमी सुटतात आणि वाट बघावी लागते. ती वाट एजंटलाही चुकत नाही.

ज्यांची मुलं दुसऱ्या देशांत आहेत त्यांनी वरची चाचणीची गणितं तशीच उचलू नयेत. दुबईला जाताना जानेवारी २०२२ मध्ये ४८ तासांच्या आतली क्यूआर कोड असलेली पीसीआर लागत होती आणि वर विमानतळावर निघण्याच्या सहा तासांच्या आत रॅपिड पीसीआर, म्हणजे ठाण्याहून बरंच लवकर निघावं लागत होतं. कॅनडा तेव्हा अँटिजेन मानत नव्हता, तिथे पीसीआर आणि अराइव्हकॅन या कॅनडाच्या सरकारी ॲपवर नोंदणी लागत होती. ब्रिटनने दोन डोस घेतलेल्यांची निघण्यापूर्वीची चाचणी ७ जानेवारी २०२२ पासून काढून टाकली, पण पॅसेंजर लोकेटर फॉर्म आणि पोचल्यावरची चाचणी तेव्हा ठेवली होती. हे सगळं २१ जानेवारी २०२२ पर्यंतचं. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या तीन दिवस आधी पुन्हा एकदा, एअरलाइनच्या आणि त्या देशाच्या सरकारी पानावर बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर तारीख नसते.

परतीचा नियम तुम्ही येईपर्यंत बदललेला असेल. जानेवारी २०२२ मध्ये भारतात यायला आरटी-पीसीआरच लागत होती, ७२ तासांच्या आतली, आणि एअर सुविधा पोर्टलवर भरलेला अर्ज. आल्यावर सात दिवस घरी, आठव्या दिवशी चाचणी. तिकडेही पीसीआरचा रिपोर्ट कधीकधी उशिरा येत होता, म्हणून परतीच्या आठवडाभर आधी जावयाला लॅब शोधून ठेवायला सांगा. तिथे असताना पासपोर्ट हरवला किंवा काही अडलं तर न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं. दाद लागली नाही तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. दोन्ही पासपोर्टांचे आणि व्हिसाचे फोटो लेकीच्या ईमेलवर आजच पाठवून ठेवा.

जाण्याआधी डॉक्टरांकडून टीडॅप लस घ्या. तान्ह्या बाळाला डांग्या खोकल्यापासून जपायला ती बाळाच्या जवळ जाण्याआधी किमान दोन आठवडे घेतलेली बरी. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. प्रवासी विमा इथूनच काढा, आणि आधीपासूनचे आजार व कोविड त्यात धरलेत का ते वाचा. डिंकाचे लाडू न्यायचे असतील तर न्या, पण खाण्याचं सगळं सामान कस्टम्सच्या फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेला लाडू फार तर काढून घेतील, लपवलेल्या पुरचुंडीला दंड होतो. कच्चे अळीव, ताजी फळं नकोत. अळिवाचे लाडूच करून न्या.

आणि एक सांगायचं राहिलं. संक्रांत झालीय, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी येत राहतील. या वर्षी वाण घरपोच घ्या. त्यातलं एक चुकलं म्हणून कोणी रुसणार नाही, आणि रुसलंच तर बारशाचे फोटो पाठवून समजूत काढता येईल.